चौदाच्या चौदा

संध्याकाळी सात वाजता तिनं डबीतून चिमूटभर खाद्य काढलं, टाकीचं झाकण उचललं आणि रिकाम्या पाण्यावर ते भुरभुरलं. रिकाम्या म्हणजे पाणी काठोकाठ होतं, पाणवनस्पती होत्या, वर दिवा होता, खालच्या कपाटात फिल्टर घरघरत होता. फक्त मासे नव्हते. त्यांना जाऊन अडीच महिने झाले होते. खाद्याचे कण जरा वेळ तरंगले आणि मग डुलत डुलत तळाशी जाऊन बसले. सोफ्यावर नवरा वर्तमानपत्र उभं धरून बसला होता आणि गेली पाच मिनिटं त्याचं पान उलटलं नव्हतं. हे तिला मान न वळवताही कळत होतं. डबीचं झाकण तिनं हवं त्यापेक्षा जोरात दाबलं. टक् असा आवाज झाला, तशी वर्तमानपत्राची कड हलली. आजच्यापुरतं एवढं पुरे होतं. पहिल्या आठवड्यात त्यानं एकदा विचारून पाहिलं होतं, की आता कशाला टाकतेस. तिनं एखाद्या शिक्षिकेच्या थंडपणानं समजावून सांगितलं होतं, की फिल्टरमधल्या स्पंजावर आणि चिनी मातीच्या कड्यांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात, माशांच्या घाणीतलं विष ते खाऊन टाकतात, आणि त्यांना खायला मिळालं नाही तर तेही मरतात. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. खरं होतं म्हणून तर त्याला त्यावर काही बोलता येईना. रोज संध्याकाळी सातला बायको त्याच्यासमोर नसलेल्या माशांना जेवू घालत होती, आणि कारण विचारावं तर कारण चोख होतं. त्याच्यावर ओरडण्यात, भांडी आपटण्यात, माहेरी निघून जाण्यात हे सुख नव्हतं.

माहेरीच तर ती गेली होती तेव्हा. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, दोन दिवसांचा प्रश्न होता. रविवारी दुपारी एकच्या सुमारास घरी आली आणि दारातच तिला वास आला, नासलेल्या अंड्याचा. आधी वाटलं, स्वयंपाकघरात काहीतरी राहिलंय. मग टाकीकडे लक्ष गेलं. पाणी धुरकट झालं होतं. लाल-निळ्या पट्ट्यांचे इवलेसे दहा, ते सगळे एका कोपऱ्यात पानांना अडकून पडले होते, रंग उडालेले. तळातले दोन मिशाळ उताणे पडले होते. त्यातल्या जाड्याला ती हवालदार म्हणायची, कारण तो दिवसभर वाळूत नाक खुपसून तपास करत फिरायचा. दोन पसरट एंजल माशांपैकी एक पाण्यावर आडवा तरंगत होता आणि दुसरी, जिला सगळं घर सासूबाई म्हणायचं, ती अजून जिवंत होती. सहा वर्षांची मासोळी. कुणीही खोलीत आलं की काचेपाशी येऊन त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची. ती पृष्ठभागाशी तोंड लावून हवा ओढत होती, आणि बादली आणेपर्यंत, पाणी काढेपर्यंत, ओंजळीत तिला धरेपर्यंत तिचे कल्ले थांबले. नवरा मागे उभा होता. म्हणाला, काय झालं काही कळत नाही, सगळं चालूच होतं. आणि तिनं ते खरं मानलं. रविवारचा उरलेला दिवस तिनं स्वतःला दोष देण्यात घालवला. जाताना खाद्य जास्त पडलं असेल, नवीन आणलेलं रोप विषारी असेल. रडून रडून डोळे सुजले, आणि तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. हा पाठीवरचा हात ती पुढे कधी विसरली नाही. चौदा मासे एक वेळ विसरली असती.

सोमवारी सकाळी ती कामाला निघाली तेव्हा नऊ वाजले होते, आणि चपला घालता घालता तिला दिसलं की टाकीचा दिवा लागला. तो दुपारी चारला लागायचा. तबकडी फिरवून वेळ लावायचं साधं घड्याळ होतं त्याला, वीज गेली की जागच्या जागी थांबणारं. ती खाली वाकली आणि तबकडी पाहिली. सात तास पुढे. म्हणजेच सतरा तास मागे, किंवा एक दिवस आणि सतरा तास मागे. तिनं पायातली चप्पल काढली, आत जाऊन दाढी करणाऱ्या नवऱ्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, सतरा की एकेचाळीस? त्यानं आरशातूनच तिच्याकडे पाहिलं आणि गालावरचा फेस तसाच ठेवून म्हणाला, "एकेचाळीस."

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. अठ्ठावीस वर्षं त्यानं एक नियम पाळला होता, मेन स्विच खाली ओढल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. हा नियम तो घरातही पाळायचा. बल्ब बदलायचा तरी आधी सगळं घर अंधारात. शुक्रवारी संध्याकाळी पाचला, बायको येईपर्यंत काच आतून लख्ख करून ठेवावी म्हणून त्यानं टाकीचा अख्खा बोर्ड बंद केला, बाही वर केली, आणि तेवढ्यात फोन आला. एका ऑफिसच्या इमारतीत चार माणसं सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. तो गेला. शनिवारही त्या लिफ्टपायी गेला, घरी येऊन तो नुसता पडला. रविवारी सकाळी दहाला खाद्य टाकायला गेला तेव्हा बोर्ड त्याच्या डोळ्यांसमोर होता. बंद. मासे जिवंत होते, जरा सुस्त होते एवढंच. त्यानं बटण दाबलं. फिल्टरच्या बंद डब्यात एकेचाळीस तास कुजलेलं पाणी टाकीत आलं, आणि तीन तासांत सगळं आटोपलं. म्हणजे विसरल्यानं काही बिघडलं नव्हतं, गुपचूप चालू करण्यानं बिघडलं होतं. तिला एक फोन केला असता तर तिनं सांगितलं असतं, डबा काढ, नळाखाली धर, मग लाव. पंधरा मिनिटांचं काम. हे सगळं तिनं त्याला त्या सकाळी एकदाच सांगितलं, आवाज न चढवता. तो चुकलं म्हणाला. ती बरं म्हणाली आणि कामाला गेली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. कसा काढणार? काढला असता तर कधीतरी संपला असता.

डूख धरणं तिला नवीन नव्हतं. शाळेत असताना धाकट्या बहिणीनं तिच्या चित्रांच्या वहीवर शाई सांडली होती आणि मांजरावर ढकललं होतं. ती बहिणीशी भांडली नाही. फक्त वही तशीच, शाईच्या डागासकट, दोघींच्या सामायिक टेबलावर उघडी ठेवली आणि वर्षभर तिथून हलवली नाही. आई कंटाळून म्हणायची, अगं टाक ना ती, नाहीतर चांगली चित्रं तरी काढ. ती म्हणायची, असू दे, मला काही त्रास नाही. वर्षाच्या शेवटी बहिणीनं रडत रडत कबूल केलं, आणि तिला विजय मिळाला, पण तो कुठे ठेवायचा ते कळेना. हातातलं सामान ठेवायला जागा नसावी तसं झालं. बहिणीला जवळ घ्यावं असं कुणी सुचवलं नाही आणि तिला सुचलं नाही. आता चष्म्याच्या कारखान्यात, काचेवर नंबर चढवताना, चाकावर पडणाऱ्या गार पाण्याकडे बघत तिला ती वही आठवायची, आणि आपण अजून तीच आहोत याची लाज वाटण्याऐवजी एक प्रकारचा भरवसा वाटायचा. हाताखालून दिवसाला साठ-सत्तर काचा जायच्या. बाकीच्यांना यंत्र सांगायचं ते तिला नुसतं उजेडात धरून कळायचं. एकदा नवऱ्याच्याच चष्म्याच्या काचा तिच्याकडे आल्या. तिनं उजवी काच जाणूनबुजून पाच अंश फिरवून घासली. फारसं काही होणार नव्हतं. जिना उतरताना पायऱ्या जरा कलल्यासारख्या वाटल्या असत्या, संध्याकाळी कपाळ दुखलं असतं, आणि डॉक्टरला काही सापडलं नसतं. ती काच तिनं एक दिवस खणात ठेवली. मग तिला स्वतःचाच राग आला. लिफ्टच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून काम करणारा माणूस तो. काच तिनं फोडली आणि नवी घासली, अगदी बिनचूक. पण तो एक दिवस फार छान गेला होता. डबा खाताना ती स्वतःशीच हसत होती आणि शेजारची विचारत होती, काय गं, लॉटरी लागली की काय.

मग तो फोन झाला. लेक दुसऱ्या शहरात शिकायला होती, रविवारी तिचा फोन यायचा. ती आंघोळीहून बाहेर येत होती आणि तो बाहेरच्या खोलीत लेकीशी बोलत होता. "अगं, आता बरीच सावरलीय ती. रोज खाद्य घालते म्हणजे मनानं तयारच होतेय ना? टाकी जिवंत ठेवलीय तिनं." पलीकडून लेक काहीतरी म्हणाली आणि तो हसला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा मोकळं हसला. ती ओल्या केसांनी दारामागे उभी राहिली आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. ती एवढं जीव तोडून करत होती, आणि या माणसानं त्याचं काय केलं होतं, तर सावरणं. तो घाबरून वर्तमानपत्रामागे लपत नव्हता, तर तिला एकटीला शोक करू देत होता. समजूतदारपणे. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, फिल्टरचा डबा बाहेर काढला, स्पंज आणि कड्या न्हाणीघरात नेऊन उकळत्या पाण्यात टाकल्या, साबणानं घासल्या, पुन्हा उकळत्या पाण्यातून काढल्या. स्पंज आणला होता त्या दिवशी होता तसा कोरा झाला. टाकीतलं पाणी तिनं सगळं बदललं, वाळूसुद्धा धुतली. सगळं जागच्या जागी लावून बटण दाबलं, आणि पूर्वीसारखीच घरघर सुरू झाली. दिसायला काहीच बदललं नव्हतं. फिल्टरच्या आत जिवंत असं आता काही नव्हतं. त्या संध्याकाळी सातला तिनं खाद्य टाकलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानं एकदा वर्तमानपत्रावरून पाहिलं आणि पान उलटलं. तो काय समजला असेल ते तिला पुढच्या महिन्यात कळलं.

रविवार होता. सकाळी अकराच्या सुमारास तो आला तो दोन्ही हातांत पिशव्या धरून, पाण्यानं फुगलेल्या, आणि त्यांत मासे. लाल-निळ्या पट्ट्यांचे दहा. दोन मिशाळ. दोन एंजल, त्यातला एक मोठा, ऐटबाज. मोजून चौदाच्या चौदा. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाचा भाव होता. त्यानं पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मोबाइलवर वेळ लावली, दर दहा मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी प्रत्येक पिशवीत घातलं. तापमान दोनदा तपासलं. मग खिशातून एक घडी केलेला कागद काढून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. लिफ्टच्या देखभालीचा तक्ता असतो तसा: तारीख, फिल्टर, हीटर, पाणी, सही. फिल्टरचा प्लग त्यानं वेगळ्या बटणावर घेतला होता आणि त्या बटणावर लाल टोपण बसवलं होतं, चुकून हात लागू नये म्हणून. हे सगळं त्यानं कधी केलं असेल? ती स्टुलावर बसून बघत होती. त्याकडे बघून आपल्याला काय वाटतंय हे तिला तपासायचं नव्हतं. कारण त्याच्या पलीकडे, अगदी स्वच्छ, काचेसारखी एक गोष्ट तिला दिसत होती. हा माणूस आता आपल्या हातानं दुसऱ्यांदा चौदा मासे मारणार होता. तिला बोटसुद्धा हलवायचं नव्हतं. सापळा तिनं लावला नव्हता, तो आपण होऊन चालत आला होता. पिशवीचं तोंड सोडण्याआधी तो थांबला.

"आणखी काही राहिलंय का गं? तू एकदा बघ ना."

"नाही," ती म्हणाली. "सगळं नीट केलंयस."

मासे टाकीत गेले. मोठा एंजल काचेपाशी आला आणि त्यानं तिला न्याहाळलं. नवरा म्हणाला, बघ, सासूबाईच. ती हसली, आणि आपल्याला हसता आलं याचं तिला नवल वाटलं. त्यानंतर ती वाट बघू लागली. तिला हिशोब ठाऊक होता. दोन-तीन दिवस काही होणार नाही, विष साठत जाईल, चौथ्या दिवशी श्वास वाढतील, मग एकेक. रोज थोडं पाणी बदललं तर वाचतीलही, पण ते तिला माहीत होतं, त्याला नाही. सकाळी ती टाकीकडे बघायची नाही. दिवा बंद असायचा, घाई असायची, आणि खरं म्हणजे धीर व्हायचा नाही. कामावर काचा घासताना मात्र तिच्या डोळ्यांसमोर दुसरं काही नसायचं. तो कसा उभा राहील, हात कसे लोंबतील, तक्त्यावरच्या आपल्या सह्यांकडे कसा बघेल. मग ती त्याच्या पाठीवरून हात फिरवणार होती. एवढं एकच तिनं पक्कं ठरवलं होतं. संध्याकाळी घरी येताना जिना ती भराभर चढायची. दार उघडायची, दिवा लागलेला असायचा, आणि टाकीत चौदा मासे. चौथ्या दिवशी चौदा. सातव्या दिवशी चौदा. नवव्या दिवशी तिनं तीनदा मोजले. जगण्याचं काहीच कारण नव्हतं त्यांना आणि ते जगत होते, आणि तिला जे वाटलं ते आनंदासारखं नव्हतं. आपल्याला फसवलंय कुणीतरी, असं वाटलं. तो बाजूला उभा राहून म्हणाला, सगळे मजेत आहेत ना, आणि त्याचा आवाज जरा जास्तच उंच होता.

अकराव्या संध्याकाळी मोठा एंजल काचेपाशी आला नाही. तो मागे, पानांच्या आड थांबला, नवख्यासारखा. तिनं डोळे बारीक केले. रविवारी आलेल्या एंजलचा मधला काळा पट्टा खाली दुभंगलेला होता, हे तिनं न ठरवता टिपलं होतं, जसं ती प्रत्येक काचेवरचा ओरखडा टिपते. याचा पट्टा सरळ होता. मग तिनं दहा लहानग्यांकडे पाहिलं. चार फिकट होते, दुकानातून नुकत्याच आणलेल्या माशांचा रंग असतो तसे. तळात मिशाळ दोन होते, पण रविवारच्यापैकी एकही त्यांत नव्हता. म्हणजे नवरा पहाटे उठायचा. तिच्या आधी मेलेले काढायचा. आणि संध्याकाळी तिच्या आधी घरी येऊन, जेवढे गेले तेवढे आणून सोडायचा. रोज. त्याच पाण्यात. किती झाले असतील आतापर्यंत? मोजायला गेली आणि तिला ते जमेना.

दुसऱ्या दिवशी ती दुपारी चारला घरी आली आणि टाकीसमोरच्या स्टुलावर बसून राहिली. टाकीत नऊ मासे होते, सगळे वर आलेले, तोंडं उघडमीट करत. पाचला दाराचं कुलूप उघडलं. तो हत्यारांची पिशवी छातीशी धरून आत आला, तिला पाहून जागीच थांबला. पिशवीतून पाण्याच्या पिशवीचं गाठ मारलेलं तोंड बाहेर डोकावत होतं. त्यानं दार मागे ढकलून लावलं. मग म्हणाला की त्याला वाटलं होतं, एखाद्या दिवशी मरायचे थांबतील. दुकानदाराला विचारलं, दोन पुस्तकं वाचली, हीटर बदलला. काय चुकतंय तेच सापडत नाही. माझ्या हातातच काहीतरी आहे, असं म्हणून त्यानं आपला उजवा हात पुढे करून पाहिला, जणू तिथे खरंच काही दिसणार होतं. याच क्षणासाठी ती बारा दिवस, तीन-चार महिने, कदाचित त्या चित्रांच्या वहीपासून जगत आली होती. आता फक्त उठायचं होतं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. ती उठली. हात उचलला गेला नाही.

"फिल्टर मी उकळला होता," ती म्हणाली. "तू मासे आणायच्या आधी. त्यात काही जिवंत नव्हतं."

त्याला कळायला वेळ लागला. आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. "म्हणजे मी नव्हतो? या वेळी माझं काही चुकलं नव्हतं?" ती नाही म्हणाली. त्यानं श्वास सोडला, हत्यारांची पिशवी खाली ठेवली, सोफ्याच्या हातावर टेकला आणि हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अठ्ठावीस वर्षं माणसांचे जीव दोरावर सांभाळणाऱ्याला आपला हात परत मिळाला होता. तिनं दिला होता तो, देण्याचं मनात नसताना. तिलाही क्षणभर हलकं वाटलं. मग त्याचं हसू हळूहळू थांबलं. तो टाकीकडे बघत होता, वर तोंडं लावून बसलेल्या त्या नऊ माशांकडे, आणि मनाशी काहीतरी मागे मागे नेत होता, दिवसामागून दिवस, त्या रविवारपर्यंत.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. "मी पिशवी सोडली तेव्हा."

"हो."

"तू स्टुलावर बसून बघत होतीस."

त्यानं आवाज चढवावा, काहीतरी फेकावं, तिला वाटेल ते बोलावं असं तिला फार वाटलं. तो उठला, आत गेला, बादली आणि नळी घेऊन आला. नळीचं एक टोक त्यानं टाकीत सोडलं, दुसरं तिच्या हातात दिलं. देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली नाहीत, तेवढी काळजी त्यानं घेतली.

"मी त्या दिवशी घाबरलो होतो," तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. "घाबरून बटण दाबलं. तू घाबरली नव्हतीस."

नळीतून पाणी येऊ लागलं. तिनं टोक बादलीत धरलं. अर्धं पाणी काढायचं, तेवढंच नवं घालायचं, उद्या पुन्हा, परवा पुन्हा, महिनाभर. कसं करायचं ते तिनं त्याला सांगितलं, आणि तो एकेक गोष्ट मान हलवून ऐकत होता, टाकीकडे बघत, एखाद्या परक्या बाईशी काम पडल्यासारखा. बादली भरली तशी त्यानं ती उचलली आणि दुसरी तिच्या पायाशी सरकवली.